प्रतिसाद: ओमोते गिन्झा, तंबू घेऊन

ओमोते गिन्झा म्हणजे जपानच्या उत्तर आल्प्समधली यारी शिखराकडे जाणारी डोंगरधारेची वाट. वर कुणीतरी म्हटलंय की तंबू असला की या धारेवर कुठेही मुक्काम टाकता येतो. नाही हो, आपल्या सह्याद्रीसारखं तिथे चालत नाही. ठरलेल्या तळांवरच तंबू लावायचा, आणि तेही पैसे भरून.

नाकाबुसा ओनसेनहून (गरम पाण्याच्या झऱ्यांचं ठिकाण) त्सुबाकुरो शिखर (२,७६३ मीटर) गाठताना पाठीवर चौदा किलो होते, जीव निघाला. वाटेत कास्सेन-गोया या झोपडीवर कलिंगडाची फोड मिळते, ती सोडू नका! दुसरी रात्र निशिदाकेच्या तळावर काढा. एका दिवसात यारीपर्यंत रेटायचा हट्ट नको. यारीच्या पूर्वेकडच्या धारेवर शिड्या आणि साखळ्या आहेत, तिथे मोठी सॅक मागे ओढते.

यारीच्या (३,१८० मीटर) खालच्या तळावर जागा मोजक्या, म्हणून दुपारच्या आत पोहोचा. तसंही उन्हाळ्यात दुपारनंतर विजा कडाडतात. जमीन नुसती दगडांची, खुंट्या आत जाईनात. शेवटी दोर धोंड्यांना गुंडाळले. रात्रभर वाऱ्याने कापड फडफडत होतं, झोप कसली! पाणी धारेवरच्या झोपड्यांत विकतच, तेव्हा सुटे येन जवळ ठेवा. मी कार्ड काढलं तर झोपडीतला आजोबा नुसता हसला.