गिटार ‘मागे लावायला ठीक’? मला मान्य नाही

सहावी_तार:
परवा बर्डीकरांनी इथे लिहिलं, "नागपुरात धरमपेठेत मित्राच्या आग्रहाखातर गिटारच्या बैठकीला गेलो. दीड तास नुसती गिटार, कोणी गायलंच नाही. वाईट नव्हतं, पण हे जेवताना मागे लावायला ठीक. समोर बसून ऐकायला नाही." खाली "अगदी बरोबर" म्हणणाऱ्यांची रांग लागली. तिथेच उत्तर लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

त्या बैठकीला मीही होते, दुसऱ्या रांगेत. गिटार वाजवणाऱ्या मुलाचा उजवा अंगठा जाड तारांवर आळीपाळीने ठोके देत होता आणि त्याच हाताची उरलेली बोटं बारीक तारांवर चाल काढत होती. मर्ल ट्रॅव्हिस, चेट ॲटकिन्स या अमेरिकी गिटारवादकांकडून चालत आलेली ही पद्धत. अंगठ्याला बोटांपासून वेगळा करायला मला तीन वर्षं लागली, आणि चाल अवघड झाली की अजूनही तो अडखळतो. शेवटच्या तुकड्यात त्याने एक स्वर सोडून दिला. तो विरत गेला, तारेवरून बोट उचलल्याचा बारीकसा आवाज आला, आणि नेमकं तेव्हाच मागून कोणीतरी म्हणालं, "झालं का? निघायचं?" मला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

शब्द नसले की ऐकणाऱ्यालाही कष्ट पडतात. ते घ्यायचे नसतील तर तसं सरळ सांगा. वाद्याला हलकं लेखू नका.

बर्डीकर:
मी कोणाला हलकं लेखलं नाही. सुरेश भटांच्या गझला ऐकत वाढलेला माणूस आहे मी. शेर संपताना काफिया, म्हणजे यमक, कसा येतो याची वाट बघायची, तो आला की दाद द्यायची, अशी कानाला सवय. इथे कशाची वाट बघायची तेच कळेना. चौथ्या तुकड्यानंतर सगळे सारखेच वाटले. त्यात अर्धा वेळ खुंट्या पिळण्यात गेला. सूर लागतच नव्हता त्याचा. हे लिहिलं तर एवढा राग कशाला?

षड्ज:
बर्डीकरांची तक्रार चुकीची आहे, पण निकाल बरोबर. सतारीला, सरोदला शब्द कुठे असतात? तरी आपण रात्रभर बसतोच ना. गिटारची अडचण मींडेची आहे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाण्याची. गिटारच्या पट्टीवर धातूचे आडवे पडदे असतात, तिथे बोट ठेवलं की स्वर तिथेच खिळतो. आणि पडदे बसवलेत सप्तकाच्या बारा समान वाटण्यांवर. तानपुऱ्यातून ऐकू येतो त्या गंधारापेक्षा गिटारचा गंधार सुमारे 14 सेंट चढा (सेंट म्हणजे त्या बारा वाटण्यांतल्या एकीचा शंभरावा भाग). रोज तानपुऱ्यासोबत रियाज करणाऱ्याला तो टोचतोच. मला पहिल्या दहा मिनिटांत टोचला.

सहावी_तार:
ब्रिजभूषण काब्रांचं काय मग? 1967 साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बरोबरीने त्यांनी गिटारवर राग वाजवले, ती रेकॉर्ड आजही घराघरात आहे. विश्वमोहन भट्टांना 1994 मध्ये ग्रॅमी मिळालं, तेही मुळात गिटारच घेऊन बसले होते.

षड्ज:
काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, पडद्यांकडे पाठ फिरवली आणि तारेवर कांडी सरकवली. म्हणजे मींड हवी तर पडदे सोडावे लागतात, हे त्यांनीच दाखवून दिलं. तुमचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे.

सहावी_तार:
हा मुद्दा तुमचा. पण त्या मुलाने राग वाजवतो असं कुठे म्हटलं होतं? भजनात तान नाही म्हणून भजन फसलं असं कोणी म्हणत नाही.

लाकूड_आणि_तार:
बर्डीकर, तो सूर लावत नव्हता, बदलून राहिला होता. डी ए डी जी ए डी लावण, म्हणजे सहा तारा नेहमीपेक्षा वेगळ्या स्वरांना जुळवायच्या. पहिली, दुसरी आणि सहावी तार एकेक स्वर खाली उतरवावी लागते. मग मोकळ्या तारा तानपुऱ्यासारख्या गुंजत राहतात आणि चाल त्यांच्यावर फिरते. पुढच्या तुकड्याला सगळं परत चढवायचं. वेळ त्यात गेला.

आणि थोडा गेला तो कूलरमुळे. कोणी पाहिलं का बाप्पा, कूलर कुठे होता? थेट त्याच्या पाठीमागे! मे महिन्यात आपल्याकडे 45 डिग्री, हवा कोरडीठण्ण. गिटारच्या लाकडाला 45 ते 55 टक्के दमटपणा लागतो. बाहेरून वाळून आलेली गिटार तुम्ही एकदम ओल्या झोतात बसवता. लाकूड फुगते, पाट (पुढची फळी) वर येतो, तारा उंच होतात, सूर हलतो. आयोजकांना एवढं कळू नये?

रेशीमबाग:
कूलर आम्हीच लावायला सांगितला होता. माझ्यासोबत 78 वर्षांचे बाबा होते. मागच्या वर्षी एका कार्यक्रमात "आवाज येतो" म्हणून कूलर बंद केला. बाबांना घेरी आली, अर्ध्यातून रिक्षा करून घरी आणावं लागलं. लाकडाची एवढी काळजी करता, माणसांचीही करा.

लाकूड_आणि_तार:
माणसांची नको असं कोण म्हणून राहिलं? पण वाजवणाऱ्याच्या पाठीवर झोत सोडायचा अन् मग सूर लागत नाही म्हणून त्यालाच बोलायचं, हे बरोबर नाही. 2019 मध्ये मी कूलर बंद करून तीन आठवडे गावाला गेलो, भाचीचं लग्न होतं. परत येऊन पेटी उघडली तर पाट खोल बसलेला, पडद्यांची टोकं पट्टीच्या कडेला बोचत होती, आणि घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) खालपर्यंत केसाएवढी चीर. वडिलांनी घेऊन दिलेली गिटार होती ती. ते आता नाहीत. त्या चिरेवर मी रोज बोट फिरवतो, म्हणून बोललो.

इतवारी_सराफा:
मग कूलर हवा की नको? आधी म्हणता ओलाव्याने बिघडते, आता म्हणता सुकून तडकते.

लाकूड_आणि_तार:
दोन्हींनी बिघडते! एकदम बदल झाला की बिघडते. कूलर बाजूला, झोत श्रोत्यांकडे, आणि गिटार तासभर आधी त्याच खोलीत आणून ठेवायची. घरी असेल तर पेटीत ओला स्पंज, तोही भोकं पाडलेल्या डबीत, लाकडाला न टेकवता.

रेशीमबाग:
हे आधी सांगितलं असतं तर एवढा आवाज चढवायची वेळ आली नसती.

इतवारी_सराफा:
मूळ मुद्द्यावर येते. आमच्या घरी काका हवाईयन गिटारवर सिनेमाची गाणी वाजवायचे. गच्चीत सतरंजी टाकून आम्ही सगळी मुलं ऐकायचो. कोणाला कधी कंटाळा आला नाही, कारण शब्द सगळ्यांना पाठ. काका वाजवत, गाणं आमच्या डोक्यात चाले. म्हणजे आम्ही गिटार ऐकली का? मला आता शंका येते. एकदा काकांनी स्वतःची बांधलेली चाल वाजवली, तर दोन मिनिटांत आम्ही पत्ते काढले. ते काही बोलले नाहीत. गिटार पुसली आणि खाली गेले. त्यानंतर स्वतःची चाल त्यांनी आमच्यासमोर कधी वाजवली नाही.

रात्रपाळी:
सहावी_तार, तुमच्या "हलकं लेखू नका" या वाक्याशी माझं भांडण आहे.

वडिलांना पक्षाघात झाला आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं, पण शब्द जिभेवर येत नसे. आम्ही त्यांची आवडती गाणी लावायचो. ते सोबत म्हणायला जायचे, कधी दोन शब्द निघायचे, पुढे अडले की हाताने उशीवर मारायचे. गाणी बंद केली. मग भावाने नुसती गिटार लावली, शब्द नसलेली, अनोळखी. त्यात म्हणायचं काही नव्हतं, म्हणून चुकायचंही काही नव्हतं. पाच महिने रोज रात्री ती खोलीत मागे वाजत होती, मी औषधं देत होतो, ते चादरीवर बोटाने ठेका धरत. कोणीही समोर बसून "ऐकत" नव्हतं. मागे वाजत होती म्हणूनच ती आमच्या कामाला आली. तुमच्या हिशोबात आम्ही तिला हलकं लेखलं का?

सहावी_तार:
नाही. तुमच्या घरी ती ज्या जागी होती ती जागा माझ्या ध्यानातच आली नव्हती. "मागे" या शब्दावर मी तुटून पडले, ते जास्त झालं. पण बैठकीत बोलणाऱ्यांवरचा राग तसाच आहे.

षड्ज:
गंधार माझ्यासाठी चढाच राहील. पण चादरीवरच्या ठेक्यापुढे 14 सेंटांचा हिशोब मी मांडणार नाही.

बर्डीकर:
"झालं का, निघायचं?" म्हणणारा मी नव्हतो, हे आधी नोंदवतो. खुंट्यांबद्दल चुकलो, लावण बदलणं मला ठाऊक नव्हतं. आणि एक ओळखीचं गाणं त्याने मधे वाजवलं, तेव्हा पहिली टाळी माझी होती. म्हणजे इतवारी_सराफा म्हणतात तसंच, मी शब्दच ऐकले. चौथ्या तुकड्यानंतर सगळं सारखं वाटलं ते अजून वाटतंच. पुढच्या वेळी पुढे बसून त्याचा अंगठा बघेन. तरी नाही कळलं, तर तसं इथेच लिहीन.

रेशीमबाग:
पुढची बैठक कधी आहे? कूलर बाजूला लावणार असाल तर बाबांना आणते. त्यांना शेवटचा तुकडा आवडला होता, दोन दिवस विचारताहेत त्याचं नाव काय म्हणून.