सातारा-सांगलीहून थीम पार्क : गाडी ठरली, तिकिटं निघाली, पुढं काय झालं ते सांगा

मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत इमॅजिकाला जायचं घाटतंय. आम्ही अकरा जण. सासूबाई (७१), त्यांची धाकटी बहीण म्हणजे मावशी (६८, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं), आम्ही दोन जोडपी, नणंद, आणि चार ते पंधरा वयाची चार पोरं. एका ट्रॅव्हल्सवाल्यानं तिकीट, टेम्पो ट्रॅव्हलर आणि नाश्ता मिळून एक आकडा सांगितलाय. पहाटे चारला पोवई नाक्यावरून निघायचं, रात्री बाराच्या आत घरी.

ऐकायला झकास आहे. पण पार्क खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला, म्हणजे साताऱ्यातून एका बाजूनं दोनशेच्या आत-बाहेर किलोमीटर, आणि मधे अख्खं पुणं. म्हणून हा धागा. सल्ले नकोत, तुमच्याबरोबर काय झालं ते लिहा. फजिती झाली असेल तर ती आधी.

– गोडोलीकरीण


विश्रामबाग, सांगली

फजितीपासूनच सुरू करतो. आम्ही सांगलीहून एका दिवसात जाऊन आलो. परत विचाराल तर पाया पडून नाही म्हणेन.

रात्री दीडला निघालो. पेठ नाक्याला हायवेला लागेपर्यंत पोरांच्या गाण्याच्या भेंड्या. कराडच्या पुढं तासवड्याचा टोल आला तेव्हा सगळी चिडीचूप. मी ड्रायव्हरशेजारी बसलेलो. साडेतीनच्या सुमाराला त्यानं खिडकी उघडून तोंडावर वारा घेतला तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली. विचारलं, "दादा, काल झोपला होता ना?" तर म्हणाला, "काल पंढरपूर होतं साहेब. दुपारी पडलो की दोन तास."

मग खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत मी त्याच्याशी ऊस, पाऊस, पोरांची शिक्षणं, जे सुचेल ते बोलत राहिलो. शिरवळला गाडी थांबवायला लावली आणि त्याला पाऊण तास सीट आडवी करून झोपवलं. बायको म्हणाली, उशीर होईल. होऊ दे म्हटलं. पुढं बोरघाटाचा उतार आहे, तिथं झोपाळू माणूस स्टिअरिंगवर नको.

एवढं करून आठलाच पोहोचलो, आणि दार उघडायला अजून अडीच तास! दुपारी तीन वाजता माझा धाकटा रोलर कोस्टरच्या रांगेत उभ्या उभ्या झोपला. अक्षरशः कठड्याला गाल लावून. तिकिटाचे पैसे त्या कठड्यानं वसूल केले म्हणायचे.


एसटीतला निवृत्त माणूस, सातारा

वरच्या दादांनी मुद्द्याचं लिहिलंय. गाडी ठरवताना लोक एसी आहे का विचारतात, पुशबॅक सीट आहे का विचारतात. ड्रायव्हर आदल्या रात्री कुठं होता, हे कुणी विचारत नाही. आधी तेच विचारा. आणि तो पार्कच्या पार्किंगमध्ये दिवसभर तापलेल्या गाडीत पडून राहणार असेल तर संध्याकाळी तुम्हाला घेऊन निघणारा माणूस ताजातवाना नसतो. जवळ एखाद्या लॉजवर त्याला दुपारपुरती खाट घेऊन द्या. चार-पाचशे रुपये जातील.

दुसरं, नंबरप्लेट बघा. पिवळी पाटी, काळी अक्षरं म्हणजे भाड्याची गाडी. पांढऱ्या पाटीची गाडी "ओळखीतली आहे, स्वस्तात पडेल" म्हणून घेतली आणि वाटेत काही झालं, तर विम्यावाला पहिलं हेच विचारतो की भाडं घेतलं होतं का.

तिसरं, बोली. बहुतेक गाडीवाले बाहेरगावच्या भाड्याला दिवसाला तीनशे किलोमीटर किमान धरतात, कमी फिरलात तरी पैसे तेवढेच. तुमचे जाऊन-येऊन चारशेच्या आसपास होतील, त्यामुळं तुम्हाला त्याचा त्रास नाही. पण टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि रात्री बारा उलटल्यावर दुसरा दिवस लागतो का, हे आधी बोलून घ्या. टोल फास्टॅगमधून मालकाच्या खात्यातून कापला जातो, आपल्याला दिसत नाही, शेवटी एकदम आकडा येतो. आनेवाडी, खेड-शिवापूर आणि मग एक्सप्रेसवे, जाताना आणि येताना. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. तोंडी बोलीवर आमच्या काळात भागायचं, आता नाही.

चाळीसेक माणसं जमत असतील तर डेपोत प्रासंगिक कराराची, म्हणजे अख्खी एसटी भाड्यानं घ्यायची, चौकशी करा. गाडीही मिळते, ड्रायव्हरही एसटीचाच. अकराला ती परवडायची नाही, हे मलाही कळतं. पण भावकी मोठी असेल तर बघा!


मिरजेची आई

माझा विषय उंची.

मुलगा सात वर्षांचा, मुलगी नऊची. दोघांची तिकिटं ऑनलाइन काढताना मी वय बघत होते. खरं बघायची ती उंची. तिकीट लहान मुलाचं की मोठ्याचं हे उंचीवर, आणि कुठल्या राईडमध्ये बसवायचं हेही उंचीवर. प्रत्येक मोठ्या राईडच्या तोंडाशी एक पट्टी उभी असते. मुलगा त्या पट्टीखाली जाऊन उभा राहिला. तिथल्या मुलीनं हात त्याच्या डोक्यावर सपाट धरला आणि पट्टीकडं सरकवला. अर्ध्या बोटानं कमी. केस होते तेवढेच, तेही तिनं दाबून बघितले. ती बिचारी खरंच हळहळली. म्हणाली, "पुढच्या वर्षी ये हं."

ताई आत गेली, हा बाहेर. वीस मिनिटं माझ्या ओढणीत तोंड खुपसून हुंदके. मला राग कुणाचा यावा? ते नियम पोरांच्याच जिवासाठी असतात. राग माझाच आला. गेले पंधरा दिवस रोज रात्री मोबाईलवर त्याच राईडचे व्हिडिओ त्याला मीच दाखवले होते.

घरी भिंतीला उभं करून, चपला काढून, टेप लावून मापा. पार्कच्या साईटवर कुठल्या राईडला किती उंची लागते ते बघा. पोराला घरीच सांगा की हे हे मिळणार नाही. घरी रडलेलं परवडतं.


फलटण

मंगळवारी जा. शनिवार-रविवार नको. बास, एवढंच.


कराडचा एक फसलेला

"सगळं बुकिंग झालंय काका, तुम्ही फक्त या." हे वाक्य ऐकलंत की सावध व्हा.

आम्ही नऊ जण. एजंटाला (गाव सांगत नाही, नाव तर नाहीच) एका पार्कची तिकिटं आणि गाडी असे एकरकमी पैसे दिले. आदल्या रात्री त्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. त्यावर नऊ माणसं, तारीख, सगळं बरोबर. दारावर स्कॅन केलं तर तिकिटं वॉटर पार्कची. आम्ही बूट-मोजे घालून, हातात जॅकेटं घेऊन उभे. थीम पार्क आणि वॉटर पार्क एकाच आवारात असले तरी तिकीट वेगळं असतं, हे आम्हाला माहीत असायला हवं होतं. त्यालाही असायला हवं होतं! फोन केला तर म्हणतो, "पाण्यातच मजा असते काका."

खिडकीवर माणसं चांगली होती, पण तारखेचं तिकीट ते, बदलून कसं देणार. शेवटी तिथल्याच दुकानातून नऊ जणांचे नायलॉनचे कपडे घेतले, कारण सुती कपड्यांवर पाण्यात सोडत नाहीत. माझ्या साडूंना त्यांच्या मापाचं फक्त भगव्या-हिरव्या फुलांचं मिळालं. तो फोटो आजही फॅमिली ग्रुपचा डीपी आहे.

तेव्हापासून नियम एकच. तिकीट मी स्वतः काढतो, माझ्या नावावर, माझ्या मेलवर. गाडी फक्त गाडीवाल्याकडून. दोन्ही एकाच माणसाच्या हातात द्यायचं नाही.


वाईची सून

वृद्ध मंडळींबद्दल लिहिते, कारण धागाकर्तीच्या सासूबाई आणि मावशी मला आमच्याच घरातल्या वाटल्या.

आमच्या आतीबाई नऊवारीत. निघतानाच म्हणाल्या, "मी गाडीतच बसते, तुम्ही जाऊन या." पहाटे खंबाटकी ओलांडल्यावर कुणीतरी "खंडाळा आलं" म्हटलं तर ताडकन उठून पदर सावरायला लागल्या, पोहोचलो म्हणून. त्यांना समजावलं की हे आपल्या जिल्ह्यातलं खंडाळा, ते घाटावरचं अजून लांब आहे. "दोन-दोन खंडाळे कशाला ठेवलेत मग?" यावर कुणाकडंच उत्तर नव्हतं.

इमॅजिकात त्यांना 'आय फॉर इंडिया'त बसवलं. खुर्चीत बसून विमानातून सगळा देश वरून बघितल्यासारखं दाखवतात, पाय खाली लोंबकळत असतात. मला वाटलं घाबरतील. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अजून एकदा आहे का?" एकाच दिवसात त्यांनी काशीपासून सगळं केलं, असं त्या अजून गल्लीत सांगतात. आम्ही सुधारायला जात नाही.

पण चालणं फार आहे हो. आवार मोठं, ऊन, आणि प्रत्येक गोष्टीला रांग. मावशींच्या गुडघ्याला ते झेपणार नाही. व्हीलचेअर मिळते का, कुठं मिळते, ते आधी फोन करून विचारा. आणि दुपारी एक ते तीन दोघींनी कुणा एकाबरोबर एसीत किंवा सावलीत नुसतं बसायचं, हे घरीच ठरवून ठेवा. कोण बसणार हेही ठरवा. नाहीतर नेहमीप्रमाणे सूनच बसते.


इस्लामपूर

एक दिवसाचा हट्ट कशाला? पुण्यात नातेवाईक नसलेला माणूस आपल्या भागात सापडायचा नाही. आम्ही दुपारी निवांत निघून वाकडला चुलतभावाकडं मुक्काम केला. किवळ्याला एक्सप्रेसवे सुरू होतो, वाकडहून ते अगदी जवळ. सकाळी आठला निघून दार उघडायच्या आत रांगेत.

वहिनींना सात माणसांचा स्वयंपाक पडला हे खरं. जाताना सांगलीचं भडंग आणि बेदाणे नेले, येताना त्यांच्या दोन्ही पोरांना पार्कमध्येही नेलं. तिकिटं आमच्याकडून. हिशेब फिटला असं मला वाटतं, वहिनींना विचारलेलं नाही.

ज्यांना गाडीचा खर्च नको त्यांनी रात्री सांगलीहून महालक्ष्मी एक्सप्रेसनं पुण्यापर्यंत यावं, पुढं गाडी करावी. ती पहाटेच्या आधीच पुण्यात सोडते, म्हणजे लहान पोरं असतील तर स्टेशनवर हाल. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. दिवाळीचं बघत असाल तर तारीख लावून बसा.


सांगलीवाडीची नर्स

थोडक्यात. गर्भवती, हृदयविकार, बीपी आटोक्यात नसलेले, मणक्याचा त्रास असलेले, यांनी जोराच्या राईडमध्ये बसू नये. पाटीवर लिहिलेलं असतं, वाचत कुणी नाही. माझ्या भावानं "एकदा बसून बघतो" म्हणत मान धरून घेतली, चार दिवस पट्टा.

नाश्ता भरपेट करून घाटात उतरू नका. आमच्या गाडीत लोणावळ्याच्या पुढं एका पोरानं सुरुवात केली, वासानं दुसऱ्याला झाली, मग रांगच. पिशव्या, ओला टॉवेल, लिंबू हाताशी ठेवा, डिकीत नको. आत बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत. म्हणून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गाडीत ठेवा, परतीला लागते. रोजची औषधं मात्र अंगावर, चिठ्ठीसकट.


कोरेगाव

मला कुणी विचारलेलं नाही तरी लिहितो. १९८९ साली मुंबईत एस्सेलवर्ल्ड सुरू झालं, तेव्हापासून आपल्याकडची मंडळी रात्रभर प्रवास करून पाळण्यात बसायला जातायत. चार वर्षांच्या पोराला त्यातलं काय कळतं? वेण्णा लेकवर नाव, घोड्यावर एक फेरी, गुरेघरला मॅप्रोत आईस्क्रीम. संध्याकाळी सातला घरी. आजीसुद्धा खूष.

(माझी मुलं यावर बोलत नाहीत. पंधरा वर्षं घोड्यावरच बसवलं त्यांना.)


गोडोलीकरीण, पुन्हा

वाचून दाखवलं सगळं घरात. दोन खंडाळ्यांवर सासूबाई डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसल्या.

ठरलं ते असं. पॅकेज रद्द. दिवाळीची गर्दी टाळून सुट्टीच्या शेवटचा मंगळवार, फलटणकरांच्या आज्ञेनं. आदल्या दुपारी निघून पुनावळ्याला नणंदेच्या जावेकडं मुक्काम, कंदी पेढ्यांचा दीड किलोचा बॉक्स बरोबर. तिकिटं मिस्टर स्वतः काढणार. गाडीवाला पिवळ्या पाटीचा, त्याला एसटीतल्या काकांचे सगळे प्रश्न विचारले. आदल्या रात्री कुठं असणार म्हटल्यावर तो आधी गडबडला, मग म्हणाला, "वहिनी, असं कुणी विचारत नाही हो." दुसऱ्या दिवशी त्यानंच फोन करून सांगितलं की आदल्या दिवशीचं भाडं घेतलेलं नाही. मावशी येणार नाहीत म्हणत होत्या, 'आय फॉर इंडिया'चं ऐकून येणार म्हणतात. दुपारी त्यांच्याजवळ दीर बसणार आहेत. जाऊबाईंनी तसं लिहून घेतलंय.

आत्ता स्वयंपाकघराच्या चौकटीला टेप चिकटवलाय. धाकटा तिथं उभा आहे, टाचा उचलून. मोठी त्याचे खांदे खाली दाबतेय, आणि सासूबाई म्हणतायत, "राहू दे गं, तेवढं अर्धं बोट दिवाळीपर्यंत वाढेल."