ओसी (इमारत वापरायला परवानगी देणारं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र) नसलेला फ्लॅट स्वस्तात मिळत असेल तर घ्यावा का?

खाडीकाठ
डोंबिवली, कल्याण, बदलापूर, नालासोपारा या पट्ट्यात दहा-पंधरा वर्षं जुन्या इमारतीतला टू बीएचके शेजारच्या इमारतीपेक्षा आठ-दहा लाखांनी स्वस्त सांगितला जातो. कारण विचारलं की एजंट म्हणतो, ‘ओसी तेवढी बाकी आहे, सोसायटी रजिस्टर आहे, काही होत नाही.’ माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका.

सोसायटीची नोंदणी, वीजमीटर, घरपट्टीची पावती, नोंदणीकृत करारनामा, यातल्या एकाही कागदाने इमारत अधिकृत ठरत नाही. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, नकाशाशी बांधकाम ताडून बघत नाही. घरपट्टी तर पालिका अनधिकृत बांधकामालाही लावते, वर शास्ती (दंड) घेऊ शकते. भोगवटा प्रमाणपत्राशिवाय बिल्डरने ताबा देऊ नये आणि ग्राहकानेही घेऊ नये, हे १९६३ च्या मोफा कायद्यातच (महाराष्ट्राचा फ्लॅट मालकीचा कायदा) लिहिलेलं आहे.

कल्याण-डोंबिवलीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. पालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराचे (गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण) नंबर मिळवले गेले आणि २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने पाडकामाचा आदेश दिला. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रकल्प आणि डंपिंगसाठी आरक्षित जागेवरच्या ४१ इमारती पाडल्या गेल्या. तिथल्या लोकांकडेही करारनामे होतेच.

नकाशावाचक
त्या ६५ इमारती आणि एखादी साधी ओसी रखडलेली सोसायटी एकाच पारड्यात टाकू नका, खाडीकाठ. तिथे मुळात परवानगीच खोटी होती. मंजूर नकाशा आहे, जोत्याचा दाखला (पायापर्यंतचं काम तपासल्याचा) आहे, वरच्या मजल्यांपर्यंत सीसी (बांधकाम सुरू करण्याची परवानगी) आहे आणि फक्त ओसी नाही, अशा शेकडो इमारती आहेत. मुलुंड, ठाण्यापासून अंबरनाथपर्यंत.

ओसी का अडली हे आधी शोधा. बिल्डरने विकास शुल्काचा शेवटचा हप्ता भरला नाही, रस्तारुंदीची पट्टी पालिकेच्या नावावर केली नाही, अग्निशमन किंवा लिफ्टचा दाखला आणला नाही, ही सगळी सुटणारी कारणं आहेत. दोन मजले जादा चढवलेत, आरजीच्या (मोकळं मैदान म्हणून राखलेल्या) जागेवर विंग उभी आहे, जमीनच आरक्षित आहे, तर मीही म्हणेन की पाठ फिरवा.

कारण कळायला माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नगररचना विभागाकडे सर्व्हे आणि हिस्सा नंबर देऊन अखेरचा मंजूर नकाशा, सर्व सीसी आणि एमआरटीपी (राज्याचा नगररचना कायदा) कलम ५३ किंवा पालिका कायद्याच्या कलम २६० खाली अनधिकृत बांधकामाबद्दल काढलेल्या नोटिसा मागा. नकाशा हातात आला की आधी क्षेत्रफळाचा तक्ता आणि इमारतीचा उभा छेद बघा. छेदात ‘स्टिल्ट + ७’ (खाली खांबांवरची मोकळी पार्किंगची जागा, वर सात मजले) असेल आणि जागेवर स्टिल्टमध्ये चार गाळे चालू असतील, तर ओसी कुठे अडली ते तिथेच कळलं. मग आपल्या फ्लॅटच्या खोल्या टेपने मोजा. फ्लॉवर बेड (खिडकीबाहेरची कुंड्यांची जागा) किंवा डक्ट (पाइपांची मोकळी जागा) बेडरूममध्ये घेतलेला असतो, तो फरक तिथे निघतो.

हप्त्याचा_हिशोब
स्वस्ताईचं गणित मांडतो. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला पडताळूनच इमारतीवर कर्ज द्यावं. म्हणजे मोठ्या बँका हात आखडणार, राहतात त्या जास्त दराच्या वित्तसंस्था. ४० लाख, २० वर्षं: साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे ३४,७०० रुपये, अकरा टक्क्यांनी सुमारे ४१,३००. फरक महिन्याला साधारण ६,६००, पूर्ण मुदतीत पावणेसोळा लाखांच्या आसपास. आठ-दहा लाखांची सूट त्यातच गेली. आणि उद्या तुम्ही विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाइकाचीही कर्जाची अडचण हीच.

खाडीकाठ
नकाशावाचक, कारण सुटणारं आहे असं धरू. सोडवणार कोण? एकटा फ्लॅटमालक ओसी आणू शकत नाही. सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, आर्किटेक्ट हवा, स्ट्रक्चरल ऑडिट हवं, दंड आणि प्रीमियम वाटून भरायला सगळे सभासद तयार हवेत. तळमजल्याच्या दुकानदाराने स्टिल्ट अडवलं असेल तर तो त्या ठरावाला हात वर करणार नाही. नवा घेणारा या भांडणाचा वारस होतो. पुनर्विकासाच्या वेळी जादा बांधकामाचं क्षेत्र अधिकृत धरलं जात नाही, तेव्हा वरच्या मजल्याच्या फ्लॅटवाल्याला काय मिळणार यावर वर्षं जातात.

नकाशावाचक
बरोबर, म्हणून सोसायटीची तयारी बघूनच घ्या, इतकंच माझं म्हणणं. गेल्या तीन वर्षांची सभावृत्तं मागा. ओसीचा ठराव झालाय का, आर्किटेक्ट नेमलाय का, निधी जमा होतोय का, हे त्यात दिसतं. शिल्लक एफएसआय (भूखंडावर किती बांधता येतं ती मर्यादा), पैसे भरून मिळणारा प्रीमियम एफएसआय किंवा टीडीआरमध्ये (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) जादा क्षेत्र बसतं का, हे आर्किटेक्टकडून लेखी घ्या. बसत असेल तर तडजोड शुल्क भरून नियमित करता येतं, बसत नसेल तर तेवढा भाग पाडावा लागतो. अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का तेही विचारा. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव आलेलं असेल तर पालिकेशी बोलायला बिल्डरची सही लागेल म्हणून अडून बसावं लागत नाही.

आणि ‘ओसी आहे’ म्हणणाऱ्यांचाही कागद नीट वाचा, खाडीकाठ. कधी अंशतः भोगवटा (काही मजल्यांपुरतीच ओसी) चार मजल्यांचा असतो आणि फ्लॅट सहाव्यावर.

सातबारा_आणि_बाकीचं
वर कोणी बोललं नाही म्हणून सांगतो. मुद्रांक शुल्क करारातल्या किमतीवर किंवा रेडी रेकनरवर (सरकारने ठरवलेला बाजारभाव), जे जास्त असेल त्यावर लागतं. ओसी नसल्यामुळे ४२ लाखांत सौदा ठरला आणि रेकनर ५० लाख निघाला, तर शुल्क ५० वर. शिवाय हा फरक दहा टक्क्यांहून मोठा, त्यामुळे पूर्ण आठ लाख घेणाऱ्याचं ‘इतर उत्पन्न’ धरून त्यावर आयकर बसतो. तेव्हा विसार (सौद्याची आगाऊ रक्कम) देण्याआधी रेकनरचा दर काढा.

खाडीकाठ
ही भर मोलाची. माझं मत बदललेलं नाही, पण कोणी घेतच असेल तर विसार ५० हजारांच्या वर देऊ नका आणि विसारपावतीत लिहून घ्या: माहिती अधिकारात कलम ५३ किंवा २६० ची नोटीस निघाली किंवा बँकेने ओसीअभावी कर्ज नाकारलं, तर पंधरा दिवसांत पूर्ण रक्कम परत. विकणारा यावर सही करायला तयार नसेल तर तो फ्लॅट तिथेच सोडा.

नकाशावाचक
या अटीला माझी पूर्ण सहमती. विसारपावतीत ही तपासणी करायची मुदत मात्र ४५ दिवसांची ठेवा. माहिती अधिकाराचं उत्तर यायलाच महिना जातो, आणि नकाशाची प्रत घ्यायला पुन्हा शुल्क भरावं लागतं.