तिप्पट वजा ३: जीनस १ आणि ६ ला हिशोब का जुळत नाही?

प्रश्न, स्पर्शिका:
गणितज्ञ रीमानने १८५७ मध्येच सांगितलंय की जीनसची (कॉम्प्लेक्स कर्व्हकडे पृष्ठभाग म्हणून बघितलं तर त्यात जितकी भोकं दिसतात ती संख्या) तिप्पट करून ३ वजा केले की तेवढ्या पॅरामीटरवर कर्व्ह ठरतो. प्लेन कर्व्ह घेऊन मोजून बघितलं. चौथ्या डिग्रीचा, म्हणजे जीनस ३: कोएफिशंट १५, सगळ्यांना एकाच संख्येने गुणलं तरी कर्व्ह तोच म्हणून १४, कोऑर्डिनेट बदलायची मोकळीक ८ डायमेन्शनची, उरले ६. मस्त जुळलं. पण पाचव्या डिग्रीला जीनस ६, तिथे २१ − १ − ८ = १२ येतात आणि हवेत १५. क्युबिकला, म्हणजे तिसऱ्या डिग्रीला, जीनस १, तिथे १ येतो, फॉर्म्युला म्हणतो ०. असं का?

उत्तर, शून्यबिंदू:
पाचव्या डिग्रीचं सोपं आहे. जीनस ६ चे बहुतेक कर्व्ह प्लेनमध्ये स्मूथ (कुठेही टोक न येता, स्वतःला न छेदता) बसतच नाहीत, तू मोजलीस ती आतली १२ डायमेन्शनची एक खास फॅमिली. जीनस ३ मध्येही हायपरएलिप्टिक कर्व्ह (रेषेवर दुपदरी बसणारे) वेगळे पडतात, ते रेषेवरच्या ८ बिंदूंवरून ठरतात, रेषेवर कोऑर्डिनेट बदलायची मोकळीक ३ ची, ८ − ३ = ५, पण ६ पेक्षा कमी असल्यामुळे तुझा हिशोब बिघडला नाही.

उत्तर, कोलाबाकर:
जीनस १ बद्दल. रीमान-रॉख प्रमेयामधून जे येतं ते खरं म्हणजे मॉड्युलीचं (त्या जीनसचे सगळे वेगवेगळे कर्व्ह मिळून होणाऱ्या जागेचं) डायमेन्शन वजा ऑटोमॉर्फिझमचं (कर्व्ह स्वतःवरच नेणाऱ्या बदलांचं) डायमेन्शन. एलिप्टिक कर्व्ह, म्हणजे जीनस १ चा, स्वतःवरच सरकवता येतो, ते १ डायमेन्शन, म्हणून १ − १ = ०. जीनस ० ला कर्व्ह एकच आणि ऑटोमॉर्फिझम ३ डायमेन्शनचे, म्हणून −३! जीनस २ पासून ऑटोमॉर्फिझम मोजकेच उरतात मग वजा करायला काहीच नसतं. फॉर्म्युला कुठेच चुकत नाही, मला हे फार सुंदर वाटतं.

स्पर्शिका:
अरे वा, −३ चाही अर्थ लागला! मग जीनस ६ चा जनरल कर्व्ह मोकळे कोएफिशंट घेऊन लिहिता येतो का?

शून्यबिंदू:
हो, प्लेनमध्येच, सहाव्या डिग्रीचा आणि ४ नोड (कर्व्ह स्वतःलाच छेदतो ते बिंदू) असलेला. कोऑर्डिनेट बदलून चारही नोड ठरलेल्या जागी नेता येतात, ८ ची मोकळीक त्यातच संपते. कोएफिशंट २८, प्रत्येक नोड म्हणजे ३ लिनिअर अटी, २८ − १२ = १६, स्केलचा १ वजा, १५. गणितज्ञ सेव्हेरीने १९१५ मध्ये जीनस १० पर्यंत असंच केलं आणि त्याला वाटलं सगळीकडे जमेल. १९८२ मध्ये हॅरिस आणि ममफोर्ड यांनी दाखवलं की मोठ्या जीनसला हे शक्यच नाही. तो पेपर जड आहे, आधी जीनस ४ आणि ५ हाताने मोजून बघ.