सुटून आल्यानंतरच्या गोष्टी: वाचनकट्ट्यासाठी काय घेऊ?

मृणाल_सांगली
आमच्या वाचनकट्ट्यावर (चौदा बायका, एक रविवार सोडून एक, देवळामागच्या खोलीत) नादिया मुरादचं 'द लास्ट गर्ल' हे आत्मकथन घेतलं होतं. मी इंग्रजीतून वाचायचे आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायचे. उत्तर इराकमधलं कोचो हे तिचं गाव, यझिदी या अल्पसंख्याक धर्माच्या लोकांचं. २०१४ च्या उन्हाळ्यात आधी शेतातून दोन माणसं पळवली, आणि सोबत एक कोंबडी आणि तिची पिल्लं. पळवणाऱ्यांनीच पुढे सांगितलं, पिल्लं नेली तेव्हाच ओळखायचं होतं, तुमची बायकामुलं नेणार म्हणून. ते ऐकल्यावर खोलीत कुणी हललं नाही. मग १५ ऑगस्टला आयसिस या दहशतवादी संघटनेनं सगळं गाव शाळेत गोळा केलं, पुरुषांना बाहेर नेऊन मारलं आणि नादियासारख्या मुलींना गुलाम करून त्यांच्या ताब्यातल्या मोसूल शहरात नेलं. त्याच सकाळी मी माझ्या शाळेच्या पटांगणात झेंड्यासमोर उभी होते. ते डोक्यातून जात नाही.

शेवटी सतरंज्या घड्या घालताना एकजण म्हणाली, "ती मोसूलमधनं सुटली तिथं संपलं की. पुढं एवढी पानं कशाला?" दुसरी, जी कधीच बोलत नाही, ती म्हणाली, "तिथनंच तर सुरू होतं. मला चौकीत चारदा तेच सांगायला लावलं."

तिच्यासाठी विचारतेय. सुटकेनंतरचं, न्याय मागतानाचं काही सुचवा. पुस्तक, सिनेमा, काहीही चालेल. अत्याचाराची वर्णनं नकोत, ती आम्हाला पुरेशी ठाऊक आहेत.

वाटसरू
मृणालताई, नादियावरचाच 'ऑन हर शोल्डर्स' (२०१८) हा माहितीपट बघा. त्यात ती या देशातून त्या देशात जाते, पत्रकार आणि पुढारी यांना भेटते आणि तेच ते पुन्हा सांगते. तिच्यावर काय काय झालं हे सगळे विचारतात, यझिदींसाठी काय करावं हे फार थोडे. मला बघताना स्वतःचीच लाज वाटली, कारण मीही आधी पहिलंच शोधत होतो. मूळची ती पोरगी गावात ब्यूटी पार्लर काढायचं स्वप्न बघणारी.

पुस्तकातला एक प्रसंग तुमच्या त्या ताईंना नक्की भिडेल. सुटून येताना कुर्दी अधिकाऱ्यांनी तिची आणि तिला आणणाऱ्या तरुणाची जबानी कॅमेऱ्यावर घेतली, कुणाला दाखवणार नाही असा शब्द दिला, आणि ती टीव्हीवर आली. त्या तरुणाचं घर तेव्हा मोसूलमध्येच होतं.

शोभना_कुलकर्णी
मी राजिंदरसिंग बेदींची 'लाजवंती' सुचवेन. उर्दू कथा आहे, पण हिंदीतून सहज वाचता येते. फाळणीत पळवलेल्या बायकांना 'मनात जागा द्या' म्हणून लुधियान्यात प्रभातफेऱ्या काढणारा सुंदरलाल. त्याची स्वतःची बायको परत येते. पूर्वी तिला मारायचा, आता 'देवी' म्हणतो. आणि ती सांगायला लागली की म्हणतो, जाऊ दे, झालं गेलं विसरू. तिला देवी व्हायचंच नाहीये गं, तिला तीच जुनी भांडकुदळ लाजो व्हायचंय. वर्णन एकही नाही, आणि तरी मी दोन रात्री झोपले नव्हते. एकीला चारदा सांगायला लावलं, दुसरीला एकदाही सांगू दिलं नाही. दोन्ही एकाच बैठकीत घे.

त्याबरोबर १९४९ चा अपहृत व्यक्तींविषयीचा कायदाही समजावून सांग. पोलिसांना वॉरंटशिवाय बाईला ताब्यात घेता यायचं, आणि तिला जायचंय की नाही हा प्रश्न त्या कायद्यात नव्हताच.

मृणाल_सांगली
शोभनाताई, आणि मुलं? पळवून नेलेल्या काळात झालेली?

शोभना_कुलकर्णी
तिथेच सगळे अडखळले, तेव्हाही आणि आताही. यझिदींच्या धर्मगुरूंनी परतलेल्या मुलींना मायेनं सामावून घेतलं, लालिश या त्यांच्या तीर्थस्थानी पवित्र झऱ्यावर नेलं. ही फार मोठी गोष्ट होती. पण २०१९ मध्ये त्यांच्या धर्ममंडळानं आधी मुलांनाही घेऊ असं वाटायला लावणारं निवेदन काढलं आणि काही दिवसांत खुलासा केला, अत्याचारातून झालेली मुलं त्यात नाहीत. कित्येक आयांपुढे मूल की घर, एवढंच उरलं. २०२१ च्या इराकी कायद्यात पीडितांना दरमहा वेतन आणि जमीन आहे, पण या मुलांचा प्रश्न तसाच राहिला.

माइनकाठ
मी फ्रँकफर्टला राहतो. न्याय म्हणताय तर इथल्या खटल्याच्या बातम्याच वाचा, कादंबरी नको. इराकमधल्या फलुजामध्ये २०१५ साली आयसिसच्या एका माणसानं गुलाम म्हणून ठेवलेल्या पाच वर्षांच्या एका यझिदी मुलीला उन्हात बांधून ठेवलं, ती गेली. तिची आई जगली, जर्मनीत आली आणि अनेक दिवस साक्ष देत राहिली. ३० नोव्हेंबर २०२१ ला त्या माणसाला जन्मठेप झाली. यझिदींच्या वंशसंहारासाठी कुणाला दोषी ठरवण्याची जगातली ही पहिली वेळ. निकाल ऐकताना आरोपी कोसळला म्हणून सगळीकडे छापून आलं. मला मात्र ती आई आठवते. तिला लिहितावाचता येत नव्हतं, तारखा सांगता येत नव्हत्या, बचावाचे वकील त्यावरच बोट ठेवत होते. तरी न्यायालयानं तिचं खरं मानलं.

मृणाल_सांगली
हे शेवटचं मी त्या ताईला फोनवरच वाचून दाखवलं, रविवारपर्यंत थांबवेना. ती बराच वेळ गप्प होती. मग विचारलं, "तारखा नाही सांगता आल्या तरी?" मी म्हटलं, हो, तरी.

रविवारी 'लाजवंती' घेतेय. ती म्हणाली आहे, या वेळी मी वाचते.