मोटारीखाली रबर बसवल्यावर घुमणारा आवाज वाढला, तो का?

प्रश्न
हवा शुद्ध करणाऱ्या घरगुती यंत्राचा नमुना मी तयार करत आहे. पंख्याची मोटार मिनिटाला ३००० फेरे घेते. पत्र्याच्या आवरणाला आतून दहा मिलिमीटर जाडीचा फोम लावला आणि मोटारीच्या स्क्रूंखाली कडक रबराचे वायसर घातले; तरी खालच्या पट्टीतला घुमणारा आवाज उलट वाढला आहे. चूक फोमची असावी की रबराची?

प्रतिसाद १
फोम हवेतून येणारा वरच्या पट्टीतला आवाज शोषतो. मिनिटाला ३००० फेरे म्हणजे सेकंदाला ५० कंपने, अर्थात ५० हर्ट्झ; अशा ध्वनीची तरंगलांबी जवळपास सात मीटर असते, त्यामुळे एवढ्या पातळ थराचा त्यावर काहीच परिणाम होत नाही. आधी मोटार आवरणाबाहेर दोरीने टांगून चालवून पाहा. घुमणे थांबले, तर आवाज मोटार नव्हे, पत्रा करत आहे, असे समजावे.

खरी गोम रबरात दिसते. मोटारीच्या वजनाने रबर केवळ ०.१ मिलिमीटर दबत असेल, तर त्या जोडणीची नैसर्गिक कंपनसंख्या (धक्का दिल्यावर ती स्वतःहून सेकंदाला जितक्या वेळा हेलकावते ती संख्या) ५० हर्ट्झच्या आसपास येते, आणि ३००० फेऱ्यांची मोटार सेकंदाला नेमके तेवढेच हेलकावे देते; दोन्ही जुळले की कंपन अडण्याऐवजी वाढते. एक मिलिमीटर दबणारे मऊ रबर घेतल्यास ती १६ हर्ट्झपर्यंत उतरते आणि पत्र्यापर्यंत कंपनाचा साधारण नववा हिस्साच पोहोचतो.

प्रतिसाद २
हा हिशेब कागदावरचा आहे; हलत्या भाराखाली रबर अधिक ताठ वागते, म्हणून थोडी सूट ठेवावी. शिवाय स्क्रूचे डोके किंवा दांडा धातूला टेकत असेल, तर रबर असून नसल्यासारखेच. ताणून बांधलेली वायरसुद्धा कंपन वाहून नेते. तिला सैल वळसा द्यावा.

प्रतिसाद ३
माझ्या मते सुरुवात पंख्याच्या संतुलनापासून व्हावी, कारण जे कंपन निर्माणच झाले नाही ते अडवावे लागत नाही. पंखा थोडा मोठा घेऊन वेग २० टक्क्यांनी उतरवता आला, तर केवळ वेगाच्या हिशेबाने (आकाराचा परिणाम सोडून) हवेचा आवाज सुमारे पाच डेसिबलने कमी होतो. मात्र मग मोटार ४० हर्ट्झवर येईल आणि रबर पुन्हा तपासावे लागेल.

प्रश्नकर्ता
टांगल्यावर घुमणे जवळजवळ थांबले. मऊ रबरावर मोटार सुरू होताना डोलते आणि पाती पंख्याभोवतीच्या कवचाला घासतात, त्याचे काय करावे?

प्रतिसाद १
कवच आवरणाला न जोडता मोटारीलाच जोडावे आणि तो संपूर्ण संच रबरावर बसवावा, म्हणजे पाती व कवच एकत्रच डोलतील. कवचाचे तोंड आवरणाला मऊ रबरी पट्टीने मिळवावे.