अलिटालियाला एकट्या स्वस्त तिकिटांनी नाही बुडवलं

रायनएअर-ईझीजेट या स्वस्त विमान कंपन्यांच्या तिकिटांनी युरोपातल्या जुन्या विमान कंपन्या संपवल्या, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं.

रायनएअरची बचत विमानात बसल्यावर समजते. खुर्ची मागे कलत नाही, समोर मासिकाचा खिसा नाही, सुरक्षेच्या सूचना पुढच्या खुर्चीच्या पाठीवरच चिकटवलेल्या. पुढच्या-मागच्या दोन्ही दारांनी माणसं चढतात-उतरतात आणि २५ मिनिटांत विमान परत निघायला तयार! जमिनीवर उभं विमान एक पैसा कमवत नाही, हे त्यांनी पक्कं ओळखलंय.

पण इटलीची जुनी राष्ट्रीय विमान कंपनी अलिटालिया, तिचं काय झालं बघा. २००८ मध्ये दिवाळखोरी, २०१७ मध्ये पुन्हा तेच, आणि १४ ऑक्टोबर २०२१ ला शेवटचं उड्डाण. तिचा हक्काचा रोम-मिलान मार्ग तर वेगवान रेल्वेनं खाल्ला. तीन तासांत थेट शहराच्या मधोमध उतरता येत असेल, तर विमानतळाची पायपीट कोण करेल? जर्मनीच्या लुफ्तान्साला मुंबईहून फ्रँकफर्टमार्गे पुढे जाणारे प्रवासी मिळतात, त्या लांब पल्ल्यावर तिची छोटी उड्डाणंही तगतात. अलिटालियाकडे तेवढं जाळंच उरलं नव्हतं.

अलिटालियाच्या जागी आलेल्या इटा कंपनीचा ४१ टक्के हिस्सा लुफ्तान्सानं जानेवारी २०२५ मध्ये ३२.५ कोटी युरोंना घेतला. मला मात्र वाईट वाटतं ते कर्मचाऱ्यांचं. अलिटालियाच्या सुमारे दहा हजारांपैकी इटानं सुरुवातीला जेमतेम २८०० जणांना घेतलं होतं.